पाठलागाला प्रेम म्हणू नका



३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, आरोपीला जन्मठेप झाली. मोर्चे निघाले, गाव बंद राहिले. पण बातम्यांत एक शब्द पुन्हापुन्हा येत राहिला : 'एकतर्फी प्रेम'.

हा शब्द जुना आहे. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळले, तेव्हाही तोच होता. या शब्दाने मारणारा प्रेमवीर ठरतो आणि मरणारी 'नकार देणारी' ठरते. जणू तिने होकार दिला असता तर काही बिघडले नसते!

इंग्रजीत या वागण्याला 'स्टॉकिंग' म्हणतात. शिकारी दबा धरून, चाहूल लागू न देता सावजाच्या मागावर जातो, त्यावरून हा शब्द आला. त्यात प्रेम नाही, शिकार आहे. मराठीत आपण 'पाठलाग' म्हणतो. पण पाठलाग म्हटले की डोळ्यांपुढे धावणारा माणूस येतो. इथे कुणी धावत नाही. तो रोज एस.टी. स्टँडवर उभा राहतो, मैत्रिणीकडून नंबर मिळवतो, रात्री मिस्ड कॉल देतो, ती मोबाईलवर कधी आली-गेली यावर नजर ठेवतो. आपल्या बाया याला 'पिच्छा पुरवणे' म्हणतात. तो शब्द अधिक नेमका आहे.

'छेडछाड' या शब्दात थट्टेचा सूर आहे. 'विनयभंग' हा १८६० च्या कायद्यातून आला. त्यात प्रश्न बाईच्या मर्यादेचा होतो, तिच्या इच्छेचा नाही. न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आले आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बाईने नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार मागे जाणे, संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट, ईमेल वा फोनवरच्या संदेशांवर पाळत ठेवणे हाही गुन्हाच. इथे तिचा 'नाही' कायद्याने मोजला जातो. ही मोठी गोष्ट आहे.

पण कायदा पुस्तकात राहतो. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो माणूस लगेच पुन्हा त्याच चौकात उभा राहू शकतो. आणि घरी सांगावे तर मुलीचेच कॉलेज बंद होते, घाईने स्थळ पाहिले जाते. शिक्षा तिलाच! म्हणून मुली गप्प राहतात, आणि त्या गप्प राहतात म्हणून त्याची हिंमत वाढते.

तेव्हा गटाच्या बैठकीत या विषयावर बोला. आईबापांना सांगा, मुलीने सांगितले तर तिचे शिक्षण थांबवायचे नाही. तारीख, वेळ, जागा वहीत लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. ठाण्यात 'एन.सी.' नोंदवून बोळवण करू लागले तर ठामपणे सांगा, हा गुन्हा दखलपात्र आहे, एफ.आय.आर. लिहावाच लागतो आणि तो महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा आहे. तिच्यासोबत ठाण्यात दोघी-तिघी जा. आणि पुढच्या वेळी बातमीत 'एकतर्फी प्रेम' दिसले, तर त्या संपादकाला पत्र लिहा.

हिंगणघाटच्या त्या मुलीसाठी आपण मेणबत्त्या पेटवल्या. आता जिचा कुणी पिच्छा पुरवतो आहे, ती जिवंत असतानाच तिचे ऐकू या.