सल्ल्याआधी प्रश्न



उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात किंवा घरभेटीच्या वेळी कोणी आपली अडचण सांगू लागते. पुष्कळदा त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आतच समोरून एक वचन, एक सल्ला आणि “प्रार्थना करा” एवढे येऊन पडते. वचन खरे असते आणि प्रार्थना तर हवीच. पण न ऐकता दिलेले वचन हे न तपासता दिलेल्या औषधासारखे आहे. ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला नीतिसूत्रे १८:१३ मूर्ख म्हणते.

आजकाल ‘लाइफ कोचिंग’ हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी असतो. त्यात ‘ग्रो’ नावाची प्रश्नांची एक पद्धत फार वापरली जाते. एकेकाळी मोटारींच्या शर्यतीत उतरणारे इंग्लंडचे जॉन व्हिटमोर यांनी १९९२ साली आलेल्या आपल्या पुस्तकातून ती सर्वदूर नेली. तिच्या चार पायऱ्या आहेत. तुला काय हवे आहे? आज स्थिती काय आहे? कोणते मार्ग आहेत? त्यांतले तू काय करणार आणि कधी? सल्ला द्यायचा नाही, क्रमाने विचारायचे आणि ऐकायचे.

काहींना वाटते, ही जगाची रीत, मंडळीत तिचे काय काम? आम्हांला तसे वाटत नाही. प्रभूनेच किती प्रश्न विचारले ते पाहा. बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरी तुला काय हवे हे प्रभूने त्याच्याच तोंडून वदवून घेतले (मार्क १०:५१). पाच हजारांना जेवू घालण्याआधी शिष्यांना त्याने भाकरी किती आहेत ते बघून यायला सांगितले (मार्क ६:३८). आधी इच्छा, मग जवळ काय आहे याचा हिशोब. प्रभूला उत्तर ठाऊक नव्हते म्हणून हे प्रश्न नव्हते. विचारल्याने समोरचा माणूस उभा राहतो, म्हणून होते.

समजा, बेळगावातल्या एका विधवा मावशींच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे. त्या म्हणतात, “त्याला थांबवू की जाऊ देऊ?” “जाऊ द्या मावशी, प्रभू सांभाळील,” हे उत्तर सोपे आहे. त्याऐवजी विचारावे, “मावशी, तुम्हांला मनातून काय हवंय?” कदाचित मुलगा जवळ हवा असे नसेलच, रात्री एकटे राहायची भीती असेल. मग वास्तव विचारावे: औषधपाणी कोण बघते, शेजारी कोण आहे, घरभाडे कशातून जाते? इथे घाई करू नये, निम्मा वेळ इथेच जावा. मग मार्ग त्याच सांगू लागतील: बहिणीकडे राहणे, वरची खोली भाड्याने देणे, मुलाने महिन्यातून एकदा येणे. शेवटी, “या आठवड्यात यातलं काय करणार?” एवढे विचारून एकत्र प्रार्थना करावी. ती प्रार्थना आता नेमकी होते.

एक जपायला हवे. “तुम्ही रोज बायबल वाचता ना?” हा प्रश्न नव्हे, तो प्रश्नाच्या वेशातला ठपका आहे. ज्याचे उत्तर आपण आधीच ठरवले आहे, ते विचारू नये.

आणि ही पद्धत सर्व वेळी चालत नाही. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले आणि झोपू दिले. तू इथे काय करतोस, हा प्रश्न पुढे होरेबावर आला (१ राजे १९). ज्या घरात कालच मयत झाली तिथे ध्येय विचारू नये, नुसते बसावे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या ताईला पर्याय विचारत बसू नये. आधी तिला सुरक्षित जागी न्यावे, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याचे कोणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावावा. स्वयंसेवक डॉक्टर नव्हे.

कोचिंग मानते की उत्तर माणसाच्या आतच आहे. आमचा विश्वास याहून एक पाऊल पुढे जातो: त्या माणसाशी पवित्र आत्मा आपल्या आधीपासून बोलत आहे. मग आपण मध्येच इतके का बोलावे? येत्या घरभेटीत सल्ल्याआधी एक खरा प्रश्न विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहू या. शांतता लांबली तरी भिऊ नये. प्रभू त्या शांततेतही आहे.

आमेन.