माळशेजच्या वाटेवरचा खाऊ कुत्र्याला किती सोसतो?

पावसाळा सुरू झाला की कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. सरळगाव मागे पडते, टोकावडे येते आणि तिथून वैशाखरे, मोरोशीमार्गे थेट घाटापर्यंत रस्त्याच्या कडेला टपऱ्या दिसू लागतात. भाजलेली कणसे, कांदाभजी, वडापाव, मॅगी, चहा असा बेत ठरलेला असतो. गाडी थांबली की आसपासची दोन-तीन कुत्री शेपूट हलवत जवळ येतात. कुणी बिस्किटाचा पुडा फोडतो, कुणी उरलेली भजी टाकतो, कुणी वेफर्सची अर्धी पिशवी तशीच समोर ठेवतो. मुले खूश होतात, फोटो निघतात आणि गाडी पुढे जाते.

कुत्र्यांना खायला घालण्यावरून देशभर वाद पेटलेला असताना हे सारे चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच आधीच्या आदेशात दुरुस्ती करून, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली भटकी कुत्री मूळ जागी परत सोडण्यास परवानगी दिली. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. मात्र भर रस्त्यात खायला घालण्यास मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरून मोकाट जनावरे हटवण्याचे निर्देशही दिले. या सगळ्या चर्चेत ‘खायला घालावे की घालू नये’ यावर पुष्कळ बोलले गेले. काय घालावे, किती घालावे आणि त्या अन्नाचे कुत्र्याच्या पोटात काय होते, हा प्रश्न मागेच राहिला. टोकावड्यासारख्या महामार्गावरच्या गावात तो रोज समोर उभा असतो.

भाकरीवर वाढलेला प्राणी

माणसाचे अन्न कुत्र्याला चालतच नाही, असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. मुरबाड-शहापूरच्या वाड्या-पाड्यांवर कुत्री पिढ्यानपिढ्या नाचणीची भाकरी, भात आणि पेज यांवर जगत आली आहेत. त्यामागे शास्त्रीय कारणही आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती आढळल्या, तर कुत्र्यांमध्ये ४ ते ३० प्रती. शेती करू लागलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला, असा त्याचा अर्थ.

म्हणून साधी भाकरी, मीठ-मसाला नसलेला भात, उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले शिजवलेले मांस कुत्र्याला सोसते. अडचण सुरू होते ती तळलेल्या, मसालेदार आणि गोड खाऊपासून. त्यातही प्रत्येक पदार्थाचा धोका वेगळा आहे. लोक ज्याला घाबरतात ते बऱ्याचदा तितके घातक नसते आणि ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही ते जीव घेऊ शकते.

वेफर्स आणि बिस्किटांचा हिशेब

वेफर्समधल्या मिठाने कुत्रा मरतो, असे अनेकांना वाटते. मिठाची विषबाधा होते हे खरे. पण त्याची लक्षणे दिसायला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण २ ग्रॅम मीठ एकाच वेळी पोटात जावे लागते. आपल्याकडचे गावठी कुत्रे १२ किलोचे धरले तर हे मीठ २४ ग्रॅम होते. १०० ग्रॅम वेफर्समध्ये दीड-दोन ग्रॅम मीठ असते, म्हणजे कुत्र्याला एका बैठकीत किलोभराहून जास्त वेफर्स खावे लागतील. चार वेफर्सनी विषबाधा होत नाही. तहान वाढते आणि पाणी मिळाले तर बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावते.

बिस्किटाचे गणित निराळे आहे. ग्लुकोजच्या १०० ग्रॅम बिस्किटांत सुमारे ४५० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि जवळपास पाव हिस्सा साखर. १२ किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण ६५० ते ७०० किलोकॅलरी. म्हणजे १०० ग्रॅमचा एक पुडा हा त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा दोन-तृतीयांश भाग झाला. माणसासाठी तोच पुडा दिवसाच्या गरजेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. ‘एकच पुडा तर दिला’ असे म्हणणाऱ्या पाच गाड्या दिवसभरात थांबल्या, तर त्या कुत्र्याने गरजेच्या तिप्पट खाल्ले आणि त्यात प्रथिने नावापुरतीच मिळाली. हे विष नाही. पण वर्षानुवर्षे असेच चालले तर लठ्ठपणा, दातांचे विकार आणि कुपोषण एकाच कुत्र्यात दिसू शकतात.

तळलेल्या पदार्थांचा त्रास लवकर दिसतो. एकदम भरपूर तेलकट खाल्ल्यावर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. वारंवार उलट्या, पाठ वाकवून उभे राहणे, पोटाला हात लावू न देणे ही त्याची चिन्हे. पावसाळी रविवारी एकाच कुत्र्याला दहा जणांकडून वडे-भजी मिळतात, तेव्हा ही शक्यता वाढते.

खरा धोका कांद्याचा

टपरीवरच्या पदार्थांत कुत्र्यासाठी सर्वांत फसवा पदार्थ कांदाभजी. कांदा आणि लसूण यांच्यातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ही संयुगे निकामी होत नाहीत. त्यामुळे भजीतला कांदा, वडापावची लसणाची सुकी चटणी आणि मॅगीच्या मसाल्यातली कांदा-लसणाची पूड हे सारे त्याच यादीत येते.

पशुवैद्यकीय साहित्यात सांगितलेले ठोकताळ्याचे प्रमाण असे : शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधेची भीती. १२ किलोच्या कुत्र्यासाठी हे ६० ग्रॅम, म्हणजे एक बेताचा कांदा. भजीच्या एका प्लेटीत एवढा कांदा सहज असतो. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी परिणाम साठत जातो. शिवाय लक्षणे लगेच दिसत नाहीत. बहुधा तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद लालसर होते, कुत्रे धापा टाकते, पडून राहते. तोवर भजी खाऊ घालणारा केव्हाच मुंबई-ठाण्याला पोहोचलेला असतो. गावात मात्र ‘कावीळ झाली’ किंवा ‘कुणीतरी काही घातले’ असे अंदाज बांधले जातात.

मनुके, चिंच आणि चॉकलेट

द्राक्षे, मनुके आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे गेली दोन दशके पशुवैद्यांना ठाऊक आहे. एखादे कुत्रे मूठभर खाऊन ठणठणीत राहते आणि दुसरे थोड्याशाने दगावते, याचा उलगडा होत नव्हता. अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधा नियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये त्यावर टार्टारिक आम्ल हे उत्तर सुचवले. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, म्हणून परिणामही बदलतो. पुढच्याच वर्षी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाला तशीच इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. चिंचेच्या गरात हे आम्ल वजनाच्या साधारण ८ ते १८ टक्के, म्हणजे द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त असते.

मराठी घरांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे. भेळेची चटणी, आमटीतला चिंचेचा कोळ, दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे, शिऱ्यातले मनुके यांना कुणी विष समजत नाही. बोटभर चटणी चाटल्याने अनर्थ होईलच असे नाही. मात्र सुरक्षित मात्रा किती, हे अजून ठरलेले नाही. म्हणून मनुके किंवा चिंचेचा गर कुत्र्याच्या तोंडी लागू न देणे हेच शहाणपणाचे.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थता दिसू लागते; ४०-५० मिलिग्रॅमला हृदयाची लय बिघडते; ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, तर गडद चॉकलेटमध्ये ५ मिलिग्रॅमपर्यंत असते. १२ किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू होण्यास दुधाचे चॉकलेट १२० ग्रॅम लागेल, पण गडद चॉकलेट ५० ग्रॅमही पुरे. ‘शुगर-फ्री’ च्युइंग गममधील झायलिटॉल याहून घातक. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते आणि मात्रा वाढली तर यकृत निकामी होते.

कणसाचा दांडा आणि रिकामी पिशवी

घाटाच्या वाटेवर आणखी एक धोका आहे, त्यात विष नसतेच. दाणे खाऊन फेकलेल्या कणसाला लिंबू, मीठ, तिखट लागलेले असते. कुत्रे तो दांडा कराकरा मोडून त्याचे तुकडे गिळते. हे तुकडे पचत नाहीत, आतड्यात अडकतात. उलट्या, खाणे बंद होणे, शौचाला न होणे अशी लक्षणे दिसतात आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. आंब्याची कोय, शिजवलेल्या कोंबडीची टोकदार फुटणारी हाडे आणि खाऊच्या वासाची प्लॅस्टिकची पिशवी यांचेही तसेच. शहरातल्या पाळीव कुत्र्याचे पोट उघडून तुकडा काढता येतो. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते.

खायला घालण्याची जागा

महामार्गाच्या कडेला रोज खाऊ मिळू लागला की कुत्री तिथेच ठाण मांडतात. गाडीचा वेग कमी झाला की तिच्याकडे धावायचे, हे ती शिकतात. मग वळणावर दुचाकीस्वार घसरतो किंवा कुत्रे चाकाखाली येते. हातातला घास हिसकावताना दात लागण्याचा धोका मुलांना सर्वाधिक. दात लागला किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही.

शिवाय हा बिबट्याचा मुलूख आहे. सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. टपऱ्यांचे खरकटे, त्यावर वाढणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्या अशी ही साखळी आहे. संध्याकाळी टपरीमागे टाकलेली भजी-पाव शेवटी पाड्यावरच्या लोकांच्या दारापर्यंत बिबट्याला आणू शकतात.

काय करता येईल

पर्यटकांना खायला घालायचेच असेल तर साधी चपाती, भाकरी किंवा उकडलेले अंडे द्यावे, तेही रस्त्यापासून दूर, जमिनीवर ठेवून मागे सरकावे. हाताने भरवू नये. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत खाऊपेक्षा पाण्याची थाळी जास्त उपयोगाची. कांदा, लसूण, मनुके, चिंच, चॉकलेट, हाडे आणि कणसाचे दांडे यांपैकी काहीही टाकू नये.

टपरीवाल्यांच्या हातात याहून मोठा उपाय आहे : दांडे, खरकटे आणि पिशव्या यांसाठी झाकणाचा डबा. ग्रामपंचायतीने हंगामात तो कचरा रोज उचलण्याची सोय केली आणि कुत्र्यांसाठी वस्तीजवळ, महामार्गापासून लांब एक जागा ठरवली, तर न्यायालयाच्या निर्देशांचे पालनही होईल आणि निर्बीजीकरण-लसीकरणासाठी कुत्री एका ठिकाणी सापडतीलही.

कुत्र्याने भलतेच काही खाल्ल्याचे कळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती प्रयोग टाळावा. त्या मिठानेच विषबाधा होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. काय खाल्ले, किती आणि केव्हा, हे लिहून ठेवावे, पदार्थाचे वेष्टन जपून ठेवावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा. चॉकलेट, मनुके किंवा झायलिटॉल असेल तर लक्षणांची वाट पाहू नये, कारण पहिल्या काही तासांतच उपचारांचा उपयोग सर्वाधिक होतो.