ध्वज उचलण्यापूर्वी ग्रंथ उघडा

ध्वजासाठी प्राण देऊ म्हणणाऱ्या सीमाभागातील तरुणांना आमचा एकच सवाल आहे: त्या ध्वजाचा इतिहास आपण वाचला आहे काय? तिरंग्यातील केशरी पट्टा हिंदूंचा व हिरवा मुसलमानांचा, असे चव्हाट्यावर आजही बेधडक सांगितले जाते. १९२१ च्या ध्वजात रंगांचा अर्थ तसा होता खरा. परंतु १९३१ साली तांबड्याऐवजी केशरी रंग स्वीकारताना काँग्रेसने ठरावानेच स्पष्ट केले की, या रंगांना जातीय अर्थ नाही. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतले. हे सारे नुसत्या कापडाकडे पाहून कसे कळावे? मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्ट येथे फडकविलेल्या ध्वजावर 'वंदे मातरम्' ही अक्षरे देवनागरीत होती, हेही ग्रंथच सांगतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हांला म्हैसूर राज्यात लोटले गेले. तेव्हापासून आमचा लढा शिरगणतीच्या आकड्यांवर व कागदोपत्री पुराव्यांवर उभा आहे. मग ध्वजाचा वाद येताच आम्ही केवळ घसा का फोडावा? प्रतिपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होणारा कार्यकर्ता आपल्या हातानेच ध्वज खाली उतरवितो. मोर्चाला अवश्य या. पण आदल्या सायंकाळी गावच्या वाचनालयाची पायरी चढून या!