शिक्का गेला तरी पावती हवी

बेसा इथे माझं आयकर सल्ल्याचं छोटंसं ऑफिस आहे. जुलैत रिटर्न भरायच्या गर्दीत शारजा-दोह्याला नोकरी करणाऱ्यांचे पासपोर्ट टेबलावर येतात. परदेशी नोकरीला निघालेल्या भारतीयासाठी त्या वर्षात भारतातल्या मुक्कामाची सीमारेषा 182 दिवसांची. एका दिवसाने परदेशातल्या पगारावर इथे कर लागू शकतो. हे दिवस मोजायचे शिक्क्यांवरून. आणि शिक्के कसे? शाई फिकी, एकावर दुसरा मारलेला, 3 की 8 ते भिंगातूनही कळत नाही. बोर्डिंग पास मागितला की उत्तर ठरलेलं: ‘तो तर फेकून दिला ना जी!’

त्यामुळे शिक्के जाताहेत याचं मला दुःख नाही. युरोपातल्या 29 देशांनी 12 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात केली. चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, येण्या-जाण्याची तारीख आणि ठिकाण. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेलेल्या आईचे 180 दिवसांतले 90 दिवस आता यंत्र मोजणार. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. घरच्या हिशेबात नेमका तिथेच घोळ होतो.

माझी तक्रार वेगळी आहे. शिक्का कसाही असो, तो आपल्या कपाटात असायचा. युरोपातली नवी नोंद त्या देशांकडे राहते आणि साधारण तीन वर्षांनी पुसली जाते. आपलं आयकर खातं मात्र मोठ्या रकमेच्या प्रकरणात त्याहून जुनं वर्ष उकरू शकतं. अमेरिकेने 2013 मध्ये विमानप्रवाशांचा आय-94 हा येण्या-जाण्याच्या नोंदीचा कागद बंद केला, पण ती नोंद प्रवाशाला वेबसाइटवरून स्वतः काढता येते. हे बरोबर.

आपल्याकडे भारतीयांचं डिपार्चर कार्ड 2017 मध्येच गेलं. परदेशी पाहुण्यांसाठी 1 ऑक्टोबर 2025 पासून ई-अरायव्हल कार्ड आलं. उद्या इथलाही शिक्का जाईल. त्याआधी सरकारने एवढं करावं: एसटीचा कंडक्टर पैसे घेतल्यावर तिकीट देतो, तशी प्रत्येक ये-जा झाली की तारीख-वेळ आणि सही असलेली पावती डिजिलॉकरमध्ये टाकावी. नोंद चुकली असेल तर कुठे आणि किती दिवसांत दाद मागायची, तेही त्यावर छापावं. तोवर बोर्डिंग पास फेकू नका.