टपाल खात्याची खरेदी : निविदा नाही, निदान कारण तरी कळावे

शिरूर किंवा दौंडच्या टपाल कार्यालयात स्पीड पोस्टचे पाकीट खिडकीवर आले की त्याची पुढची सारी नोंद संगणक प्रणालीवर होते. २०१३ मध्ये ही प्रणाली उभारण्याचे सुमारे ११०० कोटी रुपयांचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला निविदेतून मिळाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू झालेली नवी प्रणाली मात्र खात्याच्याच तंत्रज्ञान केंद्राने घडविली. ती सरकारी ‘मेघराज’ क्लाउडवर चालते आणि तिची जोडणी बीएसएनएलची आहे.

घरचे तंत्रज्ञान असणे स्वागतार्हच. प्रश्न आहे तो जोडणीचा. केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये इंटरनेट, लँडलाइन व लीज्ड लाइन या सेवा बीएसएनएल-एमटीएनएलकडूनच घेण्याचे बंधन सर्व मंत्रालयांवर घातले. टपाल आणि दूरसंचार हे १९८५ पर्यंत एकच खाते होते; आजही दोन्ही विभाग दळणवळण मंत्रालयाच्याच छत्राखाली आहेत. थोरल्याने धाकट्याच्या दुकानातून उधारीवर माल न्यावा आणि भाव कोणी विचारू नये, असा हा मामला होऊ शकतो.

ही रीत नवी नाही. टपाल तिकिटे १८५५ पासून सात दशके लंडनच्या दे ला रू कंपनीने छापली. १९२६ पासून हे काम प्रामुख्याने नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे आले. पुरवठादार एकच आणि तोही सरकारी, म्हणजे धोका संपला असे नव्हे. याच मुद्रणालयातील भंगारात काढलेली यंत्रे अब्दुल करीम तेलगीच्या हाती लागली होती.

२०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १६६ एकाच पुरवठादाराकडून खरेदीस मुभा देतो, पण ती उत्पादक एकच असेल, तातडीची गरज असेल किंवा जुन्या यंत्राशी जुळणारा भाग हवा असेल तरच. आणि कारण लेखी नोंदवून. केंद्रीय दक्षता आयोगानेही जुलै २००७ मध्ये निविदा हीच मूलभूत अट असल्याचे बजावले होते. गंमत अशी की, कार्यालयाला साधी खुर्ची घ्यायची तरी ‘जेम’ पोर्टल गाठावे लागते व तेथे दर सर्वांना दिसतात. मोठ्या, नामनिर्देशनाने दिलेल्या कामांचे दर मात्र सामान्य ग्राहकाच्या नजरेस क्वचितच पडतात.

निविदेत हरलेला स्पर्धक हा फुकटचा लेखापरीक्षक असतो. अमेरिकेच्या टपाल सेवेने जानेवारी २००१ मध्ये विमान वाहतुकीचे ६३० कोटी डॉलरचे काम स्पर्धेविना फेडएक्सला दिले, तेव्हा एमरी वर्ल्डवाइड ही प्रतिस्पर्धी कंपनी न्यायालयात गेली. ती हरली; तरी व्यवहार तपासला गेला. नामनिर्देशनाच्या व्यवहारात असा तक्रारदारच नसतो.

त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या प्रणालीच्या पहिल्या दिवसांत, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, अनेक भागांतून संथ सर्व्हरच्या तक्रारी आल्या. अशा वेळी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनी खासगी कुरिअर गाठते. घोड आणि भीमेकाठच्या गावांतील शेतकऱ्यापुढे तो पर्याय सहसा नसतो. जोडणी बंद पडली तर पुरवठादाराला दंड किती, तो कोण वसूल करणार आणि दर कोणी तपासला, या तीन गोष्टी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार खात्याने आपणहून जाहीर करावयास हव्यात. शिरूर आणि दौंडच्या कार्यालयांतील फलकांवर त्यासाठी एक कागद पुरेसा आहे.