यंत्र आणि शेत : लोडर उचलेना? आधी तेल पाहा



खडकवासल्याच्या कालव्याने केडगाव, चौफुला, पाटस हा दौंड तालुक्यातला पट्टा उसाचा झाला. उसाला शेणखत हवे, म्हणून आता काहींच्या ट्रॅक्टरपुढे लोडरही दिसतो. खत ओढायची घाई असते आणि नेमकी तेव्हाच बकेट सावकाश उठते, मध्येच थांबते, नाहीतर वर धरलेली हळूहळू खाली येते. अशा वेळी 'पंप गेला' म्हणून खर्चात पडू नका. पंपावर शंका सर्वांत शेवटी घ्यावी.

पहिले तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि पट्टी काढून पाहा. तेल दुधासारखे पांढरट असेल तर त्यात पाणी शिरले आहे, ते बदलावेच लागेल. फेस असेल तर पंपाकडे तेल नेणाऱ्या पाइपची क्लिप सैल होऊन हवा ओढली जात असावी. पंप किंचाळत असेल तर फिल्टर तुंबला आहे का ते बघा.

दुसरे, मागची लिफ्ट चालवून पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्ट व लोडर एकाच पंपावर चालतात. दोन्ही मंद असतील तर दोष तेल, फिल्टर किंवा पंपात. लिफ्ट चांगली चालते आणि लोडरच अडतो, तर दोष लोडरच्या व्हॉल्व, होज किंवा जॅकमध्ये. होजचे कपलिंग पुरते बसले नसले तरी काम अडते.

तिसरे, बकेट आपोआप उतरत असेल तर जॅकचा दांडा पाहा. त्यावर तेल ओघळत असेल तर बाहेरचे सील गेले. कोरडा असेल तर आतले सील किंवा व्हॉल्व मिस्त्रीकडून तपासून घ्या. जोर वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्वचा स्क्रू मात्र आवळू नका. होज फुटेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. मागच्या टायरात हवेचा दाब जेमतेम एक-दीड किलो असतो, होजमध्ये तो 150 ते 200 किलोपर्यंत जातो. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. बारीक चिरेतून सुटलेले तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमवावा लागतो. हळद लावून घरी थांबू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि 'दाबाचे तेल आत घुसले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

होज सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, म्हणजे उरलेला दाब निघून जाईल. उचललेल्या बकेटखाली कोणी जाऊ नये. घरातल्या मुलांनाही हे आजच बजावून ठेवा.