वर्ग गप्प करायचा की गुंतवायचा?



गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या शाळेत पालकसभा होती. चौथीचा वर्ग. एक आई उठून म्हणाल्या, "बाई, तुम्ही फार मऊ वागता. दोन फटके दिलेत तरी आमची तक्रार नाही." आजूबाजूच्या माना डोलल्या. खरं सांगू? माझीही डोलली. बाई हसल्या, पण चेहरा उतरलेला होता. घरी आल्यावर तो चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना.

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "वहिनी, एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा, मग बोलू." मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी गेले.

वर्गात ३४ मुलं. भिंतीवर मुलांनीच ठरवलेले तीनच नियम, त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात. गलबला वाढला की ती ओरडत नाही, ठेक्यात टाळ्या वाजवते. मुलं तोच ठेका परत वाजवतात आणि आपोआप तिच्याकडे बघतात. कुणी गप्पा मारत असेल तर नाव न घेता शिकवत शिकवत त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहते. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं: कुणी फळा पुसतं, कुणी वह्या वाटतं, कुणी चपलांची रांग बघतं. दर आठवड्याला कामं बदलतात.

एक मुलगा सारखा उठत होता. माझा हात शिवशिवला! तिने त्याला वह्या वाटायला लावलं. मला म्हणाली, "वीस मिनिटं एका जागी बसणं त्याला जमत नाही. ती खोड नाही, वय आहे."

सगळं गोड गोडच होतं असं नाही. मधल्या सुट्टीनंतर दोन मुलींची भांडणं झाली, वर्ग हाताबाहेर गेला आणि हिचाही आवाज चढला. पण शांत झाल्यावर ती मुलांना म्हणाली, "माझाही आवाज चढला, तो चढायला नको होता." मी माझ्या मुलाला असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी तिने मला गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' वाचायला दिलं. गिजुभाई आधी वकील होते, मग भावनगरला बालशिक्षणाच्या कामात पडले. पुस्तकातला शिक्षक मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला बघतो. मुलं असा दंगा करतात की त्याची फजितीच होते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तोच वर्ग कान देऊन ऐकतो. त्या मुलांना शिस्त नव्हती असं नाही, ऐकण्यासारखं काही नव्हतं. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालवाड्या उभ्या केल्या.

काही जणी म्हणतील, आम्हीही मार खाऊनच शिकलो. शिकलो खरं, पण काय? मला तरी गणितापेक्षा पट्टी जास्त आठवते. आणि भीतीने गप्प बसलेला वर्ग बाई बाहेर गेल्या की दुप्पट उसळतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. म्हणजे आपण सभेत हसत हसत बाईंना कायदा मोडायला सांगत होतो.

हेही खरं की एका बाईंपुढे पन्नास-साठ मुलं असली की कुठलीच युक्ती पुरत नाही. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. सभेत ओरडायचंच असेल तर ते या मुद्द्यावर ओरडू या.

आणि आपल्या घरचं काय? आपण पाणी गाळून पितो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. मग आपल्याच लेकरावर हात उचलायला दुसऱ्या बाईला परवानगी कशी देतो? मारणाऱ्याला अनुमोदन देणं हीसुद्धा हिंसाच, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

परवा मी शाळेत जाऊन बाईंची माफी मागितली. विचारलं, "घरी मी काय करू म्हणजे तुम्हाला मदत होईल?" त्या म्हणाल्या, "रात्री वेळेवर झोपवा, आणि एखादं काम त्याचं त्याला करू द्या." एवढंच! आता ताटं-वाट्या मांडायचं काम चिरंजीवांकडे आहे. एक वाटी रोज कमी पडते, पण मी बोलत नाही.

पुढच्या पालकसभेत "मारा" म्हणण्याऐवजी तुम्हीही हाच प्रश्न विचारून बघा. बाई काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!